हिनोदेची फुसा

“सगळी बटणं एकदा दाबून बघा. मागाहून तक्रार चालणार नाही,” पंच म्हणाला.

फुसाए-सान पुढे झुकल्या आणि त्यांनी सहाच्या सहा बटणं अंगठ्यानं एकेक करून दाबली, मोठ्या पातेल्यातले बटाटे शिजले की नाही ते पाहावं तशी. दांडा चारी बाजूंना फिरवला. मग खिशातून रुमाल काढून तो पुसला. आधीच्या खेळाडूचे हात घामेजलेले होते, हे मलाही दिसलं होतं. पण त्याच्यादेखत पुसलं तर त्याला वाईट वाटेल, म्हणून तो गर्दीत दिसेनासा होईपर्यंत त्या थांबल्या होत्या.

“चांगलं आहे मशीन,” त्या पंचाला म्हणाल्या, जणू ते त्याच्या घरचंच होतं.

लाउडस्पीकरवर पुकारा झाला. “योकोतेच्या हिनोदेची, फुसा!” सेंदाईच्या त्या चार मजली गेम सेंटरात दोन-अडीचशे माणसं दाटीवाटीनं उभी होती. त्यांतल्या एकानंही हिनोदे पाहिलेलं नसणार. मी माकिनो. हिनोदे गेम कॉर्नरमध्ये सत्तावीस वर्षं मशीनं दुरुस्त करतो, नोटांची नाणी करून देतो आणि फरशी पुसतो. मालक निराळा, तिथं माझ्या मालकीचा म्हणावा असा एक स्क्रू-ड्रायव्हर आहे. तरी ते नाव ऐकताना माझी छाती फुगली, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

आमचं हिनोदे म्हणजे सुपरमार्केटच्या दुसऱ्या मजल्यावर, मोज्यांच्या दुकानाला लागून असलेली एक लांबट खोली. नावाचा अर्थ सूर्योदय, आणि खिडकी एकही नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय. सत्तावीस वर्षांपूर्वी जानेवारीत बर्फात बस अडकली, खाली थांब्यावर पाय गारठले, म्हणून फुसाए-सान पहिल्यांदा वर आल्या. तेव्हा त्या एकोणतीस वर्षांच्या होत्या. गावातल्या सगळ्या शाळांचं दुपारचं जेवण जिथं शिजतं त्या मोठ्या स्वयंपाकघरात नुकत्याच लागल्या होत्या. स्टोव्हपाशी पाच मिनिटं उभ्या राहिल्या. मग फुकटची ऊब घेणं बरं दिसत नाही म्हणून त्यांनी जवळच्या मशीनमध्ये एक नाणं टाकलं. ते मशीन ‘रायमेई’चं होतं. दोघांनी समोरासमोर लढायचा खेळ. तेव्हा नवाकोरा होता. बस आली आणि निघूनही गेली.

तेव्हापासून रोज पावणेचारला त्या यायच्या. डोक्याला स्वयंपाकघरातला रुमाल तसाच, अंगाला मिसोच्या सुपाचा वास. वडील होते तोवर साडेचारला खेळ सोडून घरी जायच्या. वडील गेले तेव्हापासून पाचला. खेळायला त्यांनी घेतला गेनताकु नावाचा जाडा भिक्षू. त्याला उडी मारता येत नाही, धावता येत नाही. एक जपमाळ आणि पोट, एवढंच त्याचं भांडवल. जपानभर त्याला कोणी हात लावत नाही. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, “कोणी घेत नाही म्हणून बिचारा नुसता बसून असतो.” पुढं पुढं त्या भिक्षूनं गावातल्या भल्याभल्यांना पाणी पाजलं. तो फक्त उभा राहायचा. समोरचा कंटाळून पुढे आला की एकच फटका द्यायचा. दोन हजार पोरांचं सूप ढवळणाऱ्या बाईला वाट बघायला कोणी शिकवावं लागत नाही.

या खेळाची दोन मशीनं पाठीला पाठ लावून ठेवलेली असतात. तुम्ही तुमच्या पडद्याकडे बघता, समोरचा त्याच्या. तो कोण, हे दिसत नाही. हरला की पोरं उठून मुकाट्यानं निघून जातात. फुसाए-सान तसं करत नसत. दोन फेऱ्या जिंकोत की हरोत, त्या रुमालानं दांडा पुसत, उभ्या राहत आणि मशीनवरून पलीकडे डोकावून कमरेत वाकत. “छान खेळलात. आभारी आहे.” पोरं आधी दचकायची. भिक्षूनं मरेस्तोवर बडवावं, आणि मग मशीनच्या डोक्यावरून एका स्वयंपाकीणबाईचा रुमाल उगवावा! हळूहळू हिनोदेतली सगळीच पोरं वाकायला लागली. आता ती पोरं चाळिशीची झाली, तोक्योला गेली.

लढत दोन फेऱ्यांची ठेवली होती ती मीच. मशीनच्या पोटात कुलुपाआड एक जागा असते, तिथं ते ठरवता येतं: दोन फेऱ्या आधी जिंकणारा विजयी, की तीन. त्या काळात पोरांची रांग जिन्यापर्यंत जायची, लढती झटपट उरकाव्या लागायच्या. रांग कधीच संपली. आकडा तसाच राहिला.

डिसेंबरात सुपरमार्केटच्या दारावर कागद लागला: एकतीस मार्चला इमारत कायमची बंद. त्याच आठवड्यात रायमेईच्या पंचविसाव्या स्पर्धेचं पत्रक आलं. प्रत्येक विभागातून एकच खेळाडू तोक्योला जाणार. तिथं मोठ्या रंगमंचावर खेळाडूचं नाव पुकारायचं, आणि नावाआधी त्याच्या दुकानाचं. फुसाए-साननी ते पत्रक दोनदा वाचलं. सत्तावीस वर्षांत त्या कधी स्पर्धेला गेल्या नव्हत्या.

“माकिनो-सान, मी जाऊ का?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, विचारता काय, जा की.

“तसं नाही. जाईन ती हिनोदेचं नाव लावून जाईन. हरले तर तुमचं नाव खराब.” मग पत्रकाची घडी घालत म्हणाल्या, “दुकान बंद व्हायचं ते होईल. पण एकदा मोठ्या जागी त्याचं नाव घेतलं जावं, एवढंच वाटतं. माणूस गेलं की निदान देवळात त्याचं नाव घेतात.”

मी उगाच एका मशीनचा पडदा पुसला.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका संध्याकाळी मी बाहुल्या उचलायच्या मशीनखाली आडवा पडलो होतो. त्याचा पंजा वर जाईना. फुसाए-सान येऊन खाली बसल्या आणि म्हणाल्या, पत्रकात लिहिलंय की शेवटची लढत तीन फेऱ्या जिंकणाऱ्याची असते; मला दोनाची सवय आहे; तुम्हाला सवड झाली की आपल्या मशीनवर तीन करून द्याल का, म्हणजे हाताला वळण लागेल. मी मशीनखालूनच म्हटलं, “लागलीच करतो.”

आणि विसरलो. मोटर मागवली, ती चुकीची आली, परत पाठवली, मधेच मालकाचा हिशेबावरून फोन आला. चार मिनिटांचं काम होतं. त्या रोज यायच्या, दोन फेऱ्या खेळायच्या, उठून वाकायच्या. पुन्हा एकदा सांगितलं असतं तर मी कपाळावर हात मारून तिथल्या तिथं केलं असतं. पण दुसऱ्यांदा सांगणं म्हणजे ‘तुम्ही विसरलात’ असं तोंडावर म्हणणं. ते त्या करणाऱ्यातल्या नव्हेत. अशा माणसांनी आपल्या गावाचं फार नुकसान करून ठेवलंय, आणि तरी गाव त्यांच्यावरच चाललेलं आहे.

विभागाच्या निवडीसाठी सेंदाईला आम्ही तिघं बसनं गेलो. तिसरे तोगाशि आजोबा. ते रिटायर झालेले न्हावी, वय शहात्तर. हिनोदेत नाणी ढकलायच्या मशीनपाशी दिवसभर बसतात आणि बसल्या जागेवरून सगळ्यांना शहाणपण शिकवतात. घाट उतरताना फुसाए-साननी डबा उघडला. भाताचे गोळे आणि धुरी दिलेल्या मुळ्याचं लोणचं. मग त्या खिडकीकडे बघत पुटपुटायला लागल्या, “शेवटची तीन. शेवटची तीन.”

“काय गं फुसा, मंत्र म्हणतेस की काय?” आजोबा म्हणाले. “आधी शेवटच्या लढतीपर्यंत पोच तर खरी. बाजारात तुरी...”

“तुम्ही लोणचं खा आजोबा,” त्या म्हणाल्या.

मला ते राहिलेलं काम तेव्हा आठवलं. आठवून उपयोग काय? बस घाटात होती.

पण त्या पोचल्या. सकाळपासून सात लढती, सातही दोन-दोन फेऱ्यांच्या. सेंदाईची रंगीत केसांची पोरं भिक्षूला बघून आधी हसायची. सातव्या लढतीपर्यंत कोणी हसेनासं झालं, उलट भिक्षू उभा राहिला की सगळा मजला गप्प व्हायचा. प्रत्येक लढतीनंतर दांडा पुसणं, उभं राहणं, वाकणं. एका पोरानं घाबरून तीनदा वाकून दाखवलं.

शेवटच्या लढतीला पलीकडे बसली होती ओइकावा मिओरी. मोरिओकाची कॉलेजातली मुलगी, वीस-एकवीसची, मनगटाला पट्टी बांधलेली. ती तलवार चालवणारी बाई घेऊन खेळायची. हातात वीज होती पोरीच्या, खोटं कशाला बोला.

पहिली फेरी भिक्षूनं जिंकली, उभा राहून. दुसऱ्या फेरीत मिओरीनं त्याला कोपऱ्यात घेतलं, पडद्याच्या वरच्या कडेला मोजलं जाणारं त्याचं निम्मं आयुष्य कापून काढलं. फुसाए-सान हलल्या नाहीत. त्यांची पाठ मला दिसत होती. पातेलं उतू जायच्या आधी थांबतात तशी ती थांबली होती. तलवारवाली अर्धं पाऊल जास्त पुढे आली. एक फटका, मग दुसरा, आणि फेरी संपली. लोक ओरडले. दोन शून्य.

फुसाए-साननी खिशातून रुमाल काढला.

आता काय होणार ते मला कळलं. त्यांनी दांडा पुसला. उभ्या राहिल्या, हात पुढे जुळवले आणि मशीनवरून पलीकडे डोकावून कमरेत वाकल्या. खाली पडद्यावर तिसरी फेरी सुरू झाली होती.

“फुसा! अगं बस! तीन आहेत, तीन!” तोगाशि आजोबा ओरडले. गर्दीच्या गलक्यात कोणाला ऐकू जाणार?

मिओरीला काही दिसत नव्हतं. तिचे डोळे तिच्या पडद्यावर. पडद्यावर भिक्षू उभा होता, नुसता, जसा तो सकाळपासून उभा होता. तिला वाटलं सापळा आहे. ती एक पाऊल मागे गेली, दोन सेकंद थांबली, मग पुढे येऊन तिनं मारलं. भिक्षूनं उत्तर दिलं नाही, तेव्हा तिनं मारत राहायला हवं होतं आणि ती मारत राहिली. फुसाए-साननी मान वर केली तोवर फेरी संपली होती.

त्या बसल्या. चौथी फेरी गेली ती मी बघितलीच नाही, त्यांचे कान लाल झालेले तेवढे बघत होतो. पाचव्या फेरीत मात्र हात परत आले. दोघींचंही आयुष्य संपत आलं, बोटाच्या पेराएवढं उरलं. भिक्षू उभा राहिला. या वेळी मिओरीही उभी राहिली. ती पोरगी चार फेऱ्यांत वाट बघायला शिकली होती. शेवटी पाऊल टाकलं ते भिक्षूनं, आणि तलवार बसली.

फुसाए-साननी दांडा पुसला, उभ्या राहिल्या आणि वाकल्या. मघाशी दोन शून्यवर वाकल्या होत्या तेवढ्याच. बोटभर कमी नाही की जास्त नाही.

गर्दीत मात्र कुजबुज सुरू झाली होती. तोगाशि आजोबांनी तर तोंडच सोडलं. म्हातारी बाई पाया पडतेय आणि ही कार्टी तिला तलवारीनं कापतेय, हीच का तोक्योला जायची लायकी, वगैरे. मशीनला वळसा घालून मिओरी आली तेव्हा तिला कोणीतरी सगळं सांगितलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“काकू, मला दिसलं नाही. शप्पथ दिसलं नाही. आपण तिसरीपासून परत खेळू. मी पंचांना सांगते.”

“कशाला?” फुसाए-सान म्हणाल्या. “उभा होता तो सापडला. तू काय त्याला विचारून मारायचं?” मग आजोबांकडे वळल्या. आवाज चढवला नाही, पण सत्तावीस वर्षांत तो सूर मी ऐकला नव्हता. “आजोबा, ती थांबली असती ना, तर मी तिला कधी माफ केलं नसतं. म्हातारी म्हणून सोडली असं झालं असतं. नियम मला ठाऊक होता. घोटाळा माझ्या कमरेचा, तिच्या हाताचा नव्हे.”

आजोबा गप्प बसले. असं वर्षातून एकदा होतं.

मग फुसाए-साननी मिओरीला विचारलं, तुझं दुकान कोणतं. तिनं सांगितलं, दुकान नाहीच. मोरिओकातली सगळी बंद पडली, ती घरीच खेळते, अर्जात तो रकाना रिकामा सोडलाय. हे ऐकून आजोबांना परत जीव आला. म्हणाले, मग लिही की तिथं हिनोदे! हिचं काम होईल, तुझंही. मिओरीनं लगेच पेन काढलं. खरं सांगतो, माझंही मन पाघळलं. रकाना रिकामा होता, नाव तयार होतं, कोणाचं काय जाणार होतं?

फुसाए-साननी तिचा पेनाचा हात धरला. “नको गं. ज्या खुर्चीवर तू बसली नाहीस तिचं नाव कसं लावशील? तोक्योत कोणी विचारलं, हिनोदे कुठं आहे, तर काय सांगशील?” आणि डब्यात उरलेलं मुळ्याचं लोणचं तिच्या हातात ठेवलं. “तिथं जिंक. आणि पट्टी फार आवळू नकोस, रक्त अडतं.”

परतीच्या बसमध्ये त्या शांत झोपल्या. मी झोपलो नाही. सोमवारी पावणेचारला त्या हजर. रुमाल, मिसोचा वास, तीन लढती, वाकणं. स्वयंपाकघरात कोणाला ठाऊकही नव्हतं की त्या कुठं जाऊन आल्या. माझ्या विसरण्याबद्दल अवाक्षर नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

एकतीस मार्चला सकाळी मी कुलूप काढून मशीन उघडलं आणि दोनाचे तीन केले. चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. का केले, सांगता येणार नाही. तेवढंच करायचं राहिलं होतं.

दुपारी दुकानात आम्ही तिघंच. आजोबा आपल्या मशीनपाशी. फुसाए-सान बसल्या. पलीकडची खुर्ची रिकामी होती. नोकरानं गिऱ्हाइकाशी खेळायचं नाही, हा मालकाचा नियम मी सत्तावीस वर्षं पाळला होता. दांडे मी शेकड्यांनी बदलले असतील, पण खेळायला एकही धरलेला नाही. मी विचारलं, “मी बसलो तर चालेल?”

“मालक रागावतील.”

“आता कशाला रागावतील?”

मी पलीकडे जाऊन बसलो. नाणं टाकलं, हाताला आला तो गडी घेतला. आता त्या मला दिसत नव्हत्या आणि मी त्यांना दिसत नव्हतो. तेव्हा पडद्याकडे बघत म्हणालो, “तुम्ही तीन फेऱ्यांचं सांगितलं होतं. मी विसरलो.”

पलीकडून आवाज आला. “तुम्ही त्या मशीनखाली आडवे होतात. पाठ दुखत होती तुमची. मीच भलत्या वेळी बोलले.”

“तसं नाही. मी विसरलो. मीच हरवलं तुम्हाला.”

“माकिनो-सान, सुरू झालंय. बघा.”

पहिली फेरी मी हरलो. दुसरी त्याहून लवकर. भिक्षूनं मला दया म्हणून दाखवली नाही, याचा मला आनंद झाला. मग मशीनच्या डोक्यावरून आधी तो पांढरा रुमाल आला, मग कपाळ, मग डोळे.

“छान खेळलात. आभारी आहे,” त्या म्हणाल्या आणि वाकल्या.

इतक्यात तिसऱ्या फेरीचा ढोल वाजला. त्यांनी तो ऐकला. मान वर करून खाली आपल्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. सगळं समजलं त्यांना. पण त्या बसल्या नाहीत.

मीही दांडा सोडला आणि उभा राहिलो. हे वाकणं मी सत्तावीस वर्षं बाजूनं पाहिलं होतं, मला ते कधी परत द्यावं लागलं नव्हतं. किती वाकायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून पाठ वाकू देईल तेवढा वाकलो. उठलो तेव्हा त्या परत वाकलेल्या होत्या.

खाली पडद्यावर भिक्षू आणि माझा गडी एकमेकांसमोर उभे होते. वर घड्याळाचा आकडा नव्व्याण्णवपासून एकेक उतरत होता. कोणी कोणाला मारत नव्हतं. आजोबांचा नाण्यांचा आवाजही थांबला होता. आकडा शून्यावर येईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो.